पटावरची पोर

"वाच," शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब म्हणाले.

मी पुस्तकाकडे पाहत राहिले. पानावर बैलाचं चित्र होतं. बैल मला कळला. त्याच्याखालचं काळं काळं काही कळलं नाही.

साहेबांनी हजेरीबुक उघडलं. माझ्या नावापुढे बोट फिरवलं. "रोज हजर. दरवर्षी पास. आता चौथीत. आणि एक ओळ वाचता येत नाही?" मग गुरुजींकडे वळून म्हणाले, "या लोकांच्या डोक्यात शिरतच नाही हो."

गुरुजी हात जोडून उभे होते. "मी फार मेहनत घेतो, साहेब. पण..."

 नुसती मान हलवली. पाटलांची पोरं खदखदून हसली. मला त्या पोरांचं काही वाटलं नाही, ती रोजच हसायची. मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होते. आता सांगतील, वाटत होतं. साहेब, हिला मी एक अक्षरही शिकवलेलं नाही, ही वर्षातून एकदा येते, ती पण मी बोलावतो म्हणून. एवढंच सांगायचं होतं.

नाही सांगितलं.

आमचं गाव तापीकाठचं. वर पाटलांची पक्की घरं, केळीचे मळे, कापूस. खाली नदीकडे आमची भिलाटी, भिल्लांची वस्ती. बाप पाटलाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा. मी शेळ्या राखायची. शाळा तेव्हा मारुतीच्या ओसरीवर भरायची. शाळांच्या बोर्डाने सांगितलं, पट वाढवा, गावाने अंगमेहनत द्या, मग इमारत देतो आणि दुसरा मास्तरही. पट कुठून वाढणार? पाटलांची पोरं होती तेवढीच. मग गुरुजींना भिलाटी दिसली. तोवर तिथला रस्ता त्यांच्या पायाला ठाऊक नव्हता.

आमच्या अंगणात खाटेवर बसून ते आमच्यासारखं अहिराणीत बोलले. "दगड तुम्ही वाहा. भीत उभी ऱ्हायनी की तुम्हना पोरे बी तठेच बसतीन." माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हाई ते मन्हीच पोर शे."

त्या एका वाक्यावर आमची भिलाटी महिनाभर फुकट राबली. बापाने दिवसभर पाटलाचं काम करून तिन्हीसांजेला तापीतले दगड डोक्यावर वाहिले. आईने जमीन चोपली, सारवली. आम्हा पोरांची नावं हजेरीबुकात चढली. इमारत झाली. दुसरा मास्तर आला. पहिल्या दिवशी मी आंघोळ करून, केसांना तेल लावून गेले. गुरुजी दारातच म्हणाले, "आते जाय, शेळ्या राख. बलावसू तव्हय ये."

कामापुरता मामा म्हणतात तो हा. पण आम्हाला ते तेव्हा कळलं नाही. हसू येईल, पण खरं सांगते. आमच्या लोकांना वाटायचं, सरकारी बुकात नाव लागलं म्हणजे शाळा झाली. नाव तिकडे बसतं, शिकतं, वर जातं. पोर इकडे शेळ्या राखते. गुरुजी दरवर्षी सांगायचे, "पास झाली." बाप बाजारात छाती फुगवून सांगायचा, "मन्ही पोर चौथीमा शे." आणि मी? मीसुद्धा शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोरींना तेच सांगायची. तोऱ्यात सांगायची. त्या माझ्याकडे टकमक पाहायच्या.

दिपोटी यायचे तेव्हा गुरुजी आम्हाला धुऊन पुसून आणवायचे. नाव घेतलं की "हजर" म्हणायचं, साहेब गेले की घरी जायचं. तीन वर्षं मी खणखणीत "हजर" म्हटलं. मला ते बक्षीस वाटायचं.

साहेबांनी मला वाचायला लावलं त्या दिवशी बाप दाराबाहेर साहेबांचा घोडा धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं. घरी आल्यावर खाटेवर बसला. मग विचारलं, "तुले काहीच येस नही?"

"नही."

"मग चौथी कशी?"

 बाप रडला नाही, मारलंही नाही. त्याने खालची मान वर केली नाही. मला गुरुजींचा राग आला तो तेव्हा. मला मूर्ख ठरवलं ते मी एक वेळ गिळलं असतं. पण माझ्या बापाने वाहिलेल्या दगडाला पाठ टेकून त्यांनी ते ठरवलं होतं.

रात्र सरली. सकाळी शेळ्या आईच्या हवाली केल्या आणि शाळेत जाऊन बसले. चौथीत नाही. पहिलीच्या बारक्या पोरांत.

"तुले कोनी सांगं आज येवाले?" गुरुजी म्हणाले. "दिपोटी गयात. घर जाय."

"बुकमा मन्हं नाव शे."

"नाव काटी टाकसू!"

"काटा," मी म्हटलं. "भिलाटीना समदास्ना काटा. मंग दुसरा मास्तर ऱ्हाई का?"

हे मी कुठे शिकले? शेळ्या राखताना शाळेच्या भिंतीमागे बसायची, तिथे दोघा मास्तरांचं बोलणं ऐकू यायचं. तेवढीच माझी शाळा. गुरुजींनी छडी उचलली. हातावर दोन बसल्या. मी उठले नाही. दुपारी गुरुजींकडून कळताच पाटलाने बापाला मळ्यात गाठून दरडावलं, "तुन्ही पोरले समजाड, नहीते साल तुटनं समज." बाप संध्याकाळी माझ्याजवळ बसला. भ्यालेला होता. तरी म्हणाला, "त्या भितमा मन्हा दगड शेतस. तू नही बसशी ते कोन बसी?"

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशी माझ्यामागे भिलाटीतली आणखी चार पोरं होती. गुरुजी आमच्यावरून नजर फिरवायचे, जणू तिथे मोकळी जमीनच आहे. नावं घ्यायचे, आमची सोडून. बुकात मात्र आमच्यापुढे रोजच्यासारखी खूण करत असावेत.

आठवडाभराने त्यांचा धीर सुटला. हजेरीबुक उघडलं आणि माझ्याकडे न बघता माझं नाव घेतलं.  त्यांना माझ्या तोंडून तोच जुना शब्द हवा होता.

मी उभी राहिले. "हजर" म्हटलं नाही.

"आठ दिन पह्यले मी नव्हती, गुरुजी. चार वरीस नव्हती. आते रोज शे. तसंच लिखा."

गुरुजींची लेखणी बुकावर थांबली. ते लिहीपर्यंत मी खाली बसले नाही.