‘रविवार’ नावाची फाइल

माधवदादानं तुम्हा सगळ्यांना घरी बोलावलं होतं. तुम्ही कोणीच आला नाहीत.

चूक तुमची नाही. माझी आहे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. दोन चहा गार झाले. आता एका दमात लिहिते, मध्ये कोणी फोन करू नका.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. माधवदादा माझा आत्येभाऊ. झाशीत नगऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत कंप्युटर क्लास चालवायचा. आम्ही दहाबारा मराठी पोरं, अर्धी जुन्या झाशीची, अर्धी जवळच्या बबीना छावणीतल्या फौजी घरांतली, तिथंच कोड लिहायला शिकलो. बाहेर सगळं हिंदी, म्हणून आत त्याचा नियम होता, "एरर आली तर मराठीत रडायचं."

मग सगळे पांगले. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणाच्या बाबांची बदली जोधपूरला.

म्हणून दादानं एक सर्व्हर मांडला. नाव ‘निरोप’. ज्याला जे कळवायचं असेल त्याची त्यानं छोटी फाइल लिहायची, सर्व्हर ते सगळ्यांच्या फोनवर पाठवणार. एक फाइल वाढदिवसांची, एक मंडळाच्या गणपतीच्या आरतीची, एक तर फक्त झाशीत आज किती ऊन आहे ते सांगणारी.

सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव ‘मंडळी’.

सर्व्हर रोज सकाळी सातला नव्यानं सुरू व्हायचा. तेव्हा दादाच्या कोडच्या चार ओळी तो फोल्डर उघडायच्या आणि आत जे काही असेल ते एकेक करून उचलायच्या. कुठं नाव नोंदवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. फाइल टाकली की झालं.

मी यावरून भांडायचे. "दादा, कोणी काही वेडंवाकडं टाकलं तर सगळं आडवं होईल. नावांची यादी कर ना."

"सुमे, पंगतीत बसला त्याला वाढायचं. नाव काय विचारतेस?"

आणि झालंच तसं. गणेश चतुर्थीला आपल्या क्लासातल्या नितीननं वाढदिवसाच्या फाइलमध्ये बदल करण्याआधी तिची एक कॉपी काढली आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवली. बिचाऱ्याचा हेतू चांगला. पण त्या चार ओळींना काय कळणार? त्यांनी दोन्ही उचलल्या. एकच काम दोनदा समोर आलं आणि सर्व्हर पडला. आरतीची वेळ कोणालाच गेली नाही.

नितीनचा फोन. "दीदी, सब ठप्प है. मैंने तो बस बैकअप रखा था."

दादा तेव्हा ग्वाल्हेरला हॉस्पिटलात. मी तडकले. नितीनची कॉपी काढून टाकली, दादाच्या चार ओळी खोडल्या आणि हातानं यादी लिहिली. यादीत नाव असेल तीच फाइल चालणार. बाकीच्या नुसत्या पडून राहणार, हूं की चूं करणार नाहीत.

दादाला सांगितलं नाही. आजारी माणसाच्या डोक्याला ताप कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं सांगू? मला जिंकल्यासारखं वाटत होतं. बरा होऊन आला की दाखवणार होते, बघ, माझंच बरोबर होतं.

तो बरा झाला नाही. डॉक्टरांनी घरी पाठवलं.

त्या रविवारी मी बिजौलीला होते, आमच्या कारखान्यात स्टॉकचं काम चालू होतं. संध्याकाळी सहज नगऱ्याला गेले. दादा पुढच्या खोलीत उशीला टेकून बसलेला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. क्लासच्या सगळ्या खुर्च्या पुसून मांडलेल्या.

"काय रे दादा, बघायला येणारेत का तुला?"

हसला. मग म्हणाला, "सुमे, सर्व्हर चालू आहे ना गं?"

"एकदम फर्स्ट क्लास. महिनाभरात एकदाही पडला नाही."

"बरं. मग ठीक आहे."

वहिनीनं पोहे आणले. गार झालेले. "घे ना अजून. हे म्हणाले, ज्यादा कर, लोक येतील. बघ केवढे उरलेत."

मी दोन बशा खाल्ल्या. कोण येणार होतं, हे विचारलंसुद्धा नाही. भूक लागली होती मला.

गुरुवारी तो गेला.

परवा सर्व्हर नव्या मशीनवर हलवायला घेतला. यादीत अकरा नावं. फोल्डरमध्ये बारा फाइली.

बारावीचं नाव ‘रविवार’. दादानं त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी अंथरुणातून लिहिलेली. आत हा निरोप होता:

"मंडळी, रविवारी पोहे आहेत, आपल्या क्लासात. जमेल त्यानं यावं. लांब असाल तर फोनवर दिसा. तुम्हाला सगळ्यांना एकदा बघायचंय. सुमीला कांदा जास्त लागतो, माझ्या लक्षात आहे. माधव"

फाइलमध्ये एकही चूक नाही. मी ओळ न् ओळ तपासली. कुठंतरी त्याची चूक निघावी असं वाटत होतं.

फोन करून "या" म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फोल्डरमध्ये टाकलं की पोचतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि मी त्याच्या तोंडावर सांगितलं, फर्स्ट क्लास चालू आहे.

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या दुपारी म्हणाले होते, सगळे बिझी असतील गं. रागावले नव्हते."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

आज यादी खोडली. त्याच्या चार ओळी परत लावल्या. ‘रविवार’ फोल्डरमध्येच आहे. फक्त पाठवायची तारीख बदलली, बाकी एका अक्षराला हात लावलेला नाही. उद्या सकाळी सातला तुमच्या फोनवर दादाचा निरोप येईल. दचकू नका.

या. लांब असाल तर फोनवर दिसा. वहिनी पोहे करणार आहे, खुर्च्या मी पुसते.

दादा, उशीर माझ्यामुळे झाला. मंडळींना काही बोलू नकोस.

तुला नमस्कार. कांदा मी चिरून आणते.