ठमीचा डावा अंगठा

ठमीचा डावा अंगठा माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या सकाळी सातला ती पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार आहे. शेजारी शिकवणारे सर नसतील.

माझी ही मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. गेले आठ महिने कामावरून आली की ग्रीसचे हात धुवायचे आणि चहाच्याही आधी डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवायचा, हा तिचा नेम. मग टेबलाला आवळून बसवलेलं सुकाणू धरून ती आमच्या कपाटाच्या दिशेने हेडसेटमधलं खोटं विमान उतरवायची. मी स्टुलावर, हातात उतरण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी.

"फ्लॅप्स?"

"खाली."

"वेग?"

"पासष्ट."

तिचे बाबा पेपरामागून म्हणायचे, "कपड्यांची दोरी तेवढी चुकव गं."

उतरणं बिघडलं की ती डाव्या अंगठ्याने सुकाणूवरचं बटण दाबायची. विमान परत आकाशात, सगळं पहिल्यापासून. "जाऊ दे, परत घे," हे मीच म्हणायचे.

आता पंधरा दिवसांची रजा टाकून ती विमानतळाजवळ खोली घेऊन राहिली आहे. रविवारी फोनवर हसत होती. "आई, आज टेकताना विमान उसळलं. आणि मी काय केलं? बटण दाबलं."

"मग?"

"खऱ्या विमानात तिथे रेडिओचं बटण असतं. टॉवरवाले विचारताहेत, कोण बोलतंय? तेवढ्यात सरांनी इंजिनाला जोर देऊन विमान वर काढलं."

"का दाबलंस, ते सांगितलंस सरांना?"

"त्यांना वाटलं, मी घाबरले. वाटू दे. खरं सांगितलं तर एकटीचं उड्डाण पुढे ढकलतील. तूही कुठे बोलू नकोस हं."

मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून झोप उडाली.

बाबा म्हणतात, "पोरगी बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळते, तेव्हा तू खुशाल घोरतेस." खरं आहे. पण ते काम ती खड्ड्यात उतरूनच शिकली. तिथे चुकलं तर परत घेता येत नाही, हे तिच्या हातांना ठाऊक आहे. विमानाचं मात्र आम्ही दोघींनी घरात बसून हातांना भलतंच शिकवलं.

आता मध्यरात्र होत आली आहे. गजर पाचचा लावलाय. उठल्याबरोबर ठमीला फोन करणार: सहाच्या आत तू सरांना सांग, नाहीतर मी सांगते. ती चिडेल. महिनाभर बोलणार नाही. नाही तर नाही.