ओसरीच्या कोनाड्यातला पेला

शहरातल्या संग्रहालयात आमच्या घरचा पेला ठेवलाय. फुंकून घडवलेली पातळ काच, अंगभर कोरलेली द्राक्षाची वेल. खाली पाटी : ‘खास पाहुण्यांसाठी राखलेला पेला.’ हे वाक्य माझंच. पेला देताना तिथल्या बाईंनी विचारलं, घरात कशाला वापरायचे? आणि माझी मेली जीभ खरं बोलायला धजली नाही.

खरं असं, की आजोबांनी तो हैदराबादहून हौसेनं आणला होता. पण आमच्या स्वयंपाकघरात काचेच्या भांड्याला मज्जाव. मग तो गेला ओसरीच्या कोनाड्यात, आमच्या गावी, युसूफ वडगावला, गाद्यांचा कापूस पिंजायला येणाऱ्या चाचांसाठी. घरचं पितळी फुलपात्र त्यांच्या ओठाला लागू नये म्हणून. पाणी मी द्यायचे, वरून ओतून, तांब्या पेल्याला टेकू न देता. एकदा आईला विचारलं, ‘कावून गं?’ ती म्हणाली, ‘त्यांचं येगळं हाय.’ तेवढ्यावर माझं भागलं. पुढे शिकले, मास्तरीण झाले, वर्गात समतेवर भाषणं ठोकली. तरी सुट्टीत घरी आले की पाणी वरूनच ओतायचे. आईवर ढकलून मी सुटत नाही.

चाचा आता अंथरुणाला खिळलेत. त्यांची मुलगी गेवराईला नर्स आहे. पेपरात पेल्याचा फोटो बघून तिनं मला फोन केला आणि आम्ही दोघी मिळून तो बघायला गेलो. पाटी वाचून ती हरखली.

‘‘ताई, अब्बा सांगायचे ते खरंच हाय की. त्या घरातला सगळ्यात भारी पेला माझा, म्हणायचे. आमाला लई कौतुक वाटायचं.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगावं, निदान हिला तरी सांगावं, असं दहादा मनात आलं. पण मी पाटीच पुन्हा वाचत राहिले.

‘‘आन् म्हणायचे, एवढी नाजूक काच, दुसऱ्याच्या हाताचा भरवसा न्हाई. म्हणून पाणी पिऊन झालं की मी सोता धुवून ठेवतो.’’

आमच्या घरात त्याला हात लावणार कोण होतं? चाचांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. लेकरांना सांगता येईल असं कारण त्यांनी शोधून काढलं होतं.

‘‘खरं ना, ताई?’’ तिनं विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हणाले, ‘‘लई जपायचे.’’