घोड्यावरचा लुटारू

सरकारी पाटी खराब करणं गुन्हा आहे, हे मला कोणी शिकवायला नको. मी स्वतः नाशिक रोडला सरकारी नोकरी करते.

हरसूलच्या अलीकडे एका वळणावर आमच्या पूर्वजांच्या आठवणीचे दोन कोरीव दगड पूर्वापार उभे आहेत. इंग्रजांच्या काळात डोंगरातली माणसं उठली, तेव्हा त्यांना धरायला आलेल्या पलटणीत खालच्या गावांतलीच पोरं होती. या वळणावर गाठ पडली. एका बाईचा नवरा डोंगराकडून लढला, भाऊ पलटणीकडून. दोघंही त्याच दिवशी गेले. तिने दोघांचे दगड शेजारी शेजारी उभे केले, आणि तिच्या वंशातले आम्ही होळीच्या दुसऱ्या दिवशी दोघांना शेंदूर लावतो. डावं-उजवं करत नाही.

यंदा काकांना घेऊन गेले, तर रस्ता रुंद झालेला. वळणावर नवाकोरा ओटा, भोवती लोखंडी कठडा, आत एकच दगड आणि मागे पाटी: ‘लुटारूंचा बीमोड करताना धारातीर्थी पडलेल्या शूर शिपायाचे स्मारक.’ दुसरा दगड खडीच्या ढिगाशेजारी नालीत उताणा पडला होता.

माझं डोकंच फिरलं. लुटारू कोण? तिचा नवरा, आमचा आजा? बापजाद्यांच्या जंगलातलं लाकूड तोडलं म्हणून ज्याच्या दारात चौकी बसवली, तो? मग चौकी बसवणारे कोण होते?

काका मात्र कठड्याला रेलून चक्क हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“पोरी, ह्यो तर आपला आजा हाय! घोडा बघ ना.”

पाटीच्या रागात मी दगड नीट पाहिलाच नव्हता. ओट्यावरच्या दगडावर घोडेस्वार होता. आमच्याकडची रीत अशी, की ज्याला जिवंतपणी घोडा मिळाला नाही, त्याला मेल्यावर दगडावर तरी द्यायचा. पलटणीतला भाऊ रोजच घोड्यावर बसायचा, म्हणून त्याच्या दगडावर नुसता ढाल-तलवारवाला उभा माणूस. रस्त्याचं काम करवणाऱ्या साहेबांनी घोडा पाहिला आणि शिपाई ठरवून टाकला. ज्याला लुटारू म्हटलं त्यालाच हार घालून ओट्यावर बसवलं, आणि त्यांचा शूर शिपाई नालीत!

मलाही हसू फुटलं. “राहू द्या असंच, काका. बरी जिरली त्यांची.”

काकांचं हसणं थांबलं. “आन् तो मामा? बहिणीनं उभा केलाय त्याला. त्यो आपला नाय का?”

मला स्वतःची लाज वाटली. शेजारी डांबराचं काम करणारी दोन माणसं आमच्याच डोंगराकडची होती. त्यांनी पहार आणली. आम्ही चौघांनी मामाला नालीतून काढलं, धुतलं आणि ओट्यावर आज्याच्या शेजारी उभं केलं. काकांनी तेलात कालवलेला शेंदूर दोघांना लावला. वाटीत थोडा उरला होता. मी पंजा बुडवला आणि पाटीवरच्या ‘लुटारूंचा’ या शब्दावर फासला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले ते ओरडतच.

“कोणाला विचारून ठेवला हा दगड? काढा तो आधी!”

पहारवाल्यांनी पहार खाली ठेवली. “शेंदूर ओला हाय, साहेब. आम्ही हात नाय लावणार.”

साहेबांचं लक्ष पाटीकडे गेलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. “आणि हे? सरकारी मालमत्ता आहे ही. कोणी केलं?”

“म्या केलं,” काका पुढे झाले. त्यांचीही बोटं लाल होती. माझ्या नोकरीची त्यांना काळजी.

मी त्यांना बाजूला केलं. पाटीवर उमटलेल्या पंज्यावर माझा पंजा ठेवून दाखवला, बोटाला बोट लागलं. मग नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, कार्यालयाचा पत्ताही सांगितला.

“लिहून घ्या, साहेब,” म्हटलं. “निदान या वेळी तरी माणूस चुकवू नका.”