सरस्वतीपुढचा नारळ

"तबक हिच्या हातात होतं," वकील म्हणाले. "मग साक्षीला दुसरं कुणाला आणू?"

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटलं नव्हतं. मी पाहुण्यांना पाणी देते आणि आत निघून जाते, कोर्टात ही काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. माझ्याबद्दल बोलणं चाललं की मी नेहमी दाराशीच असते. पण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. मी जे पाहिलं होतं ते मला नीट आठवत होतं, आणि आठवतं ते सांगणं मला जमेल असं मला वाटत होतं.

दावा माझ्या आत्याचा होता. ती अण्णांची थोरली बहीण. आमच्याकडे, बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. म्हणून आम्हीही तिला अक्काच म्हणायचो, आणि गल्लीही, आणि शाळाही. लग्न न करता ती पेठेतल्या मराठी शाळेत शिकवत राहिली. ही शाळा आमच्याच लोकांनी काढलेली, एक समिती ती चालवायची आणि सरकार अनुदान द्यायचं. मला मात्र घरच्यांनी छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. त्यामुळे अक्काच्या शाळेत मी फक्त समारंभांना जायचे, तिच्या मदतीला.

त्या वर्षी जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्यांच्यानंतर अक्काच सगळ्यांत जुनी, ट्रेनिंग झालेली. अनुदानाच्या नियमाप्रमाणे जागा रिकामी झाली की आधी शाळेतल्या शिक्षकांकडून अर्ज मागवायचे, पूर्ण समितीसमोर मुलाखती घ्यायच्या, आणि मग नेमणूक करायची. अक्का अर्जाची वाट पाहत होती. कुणी मागितलाच नाही.

निरोपसमारंभ शाळेच्या अंगणात झाला. मंचाच्या एका कडेला सरस्वतीची तसबीर, पुढे समई, केळी आणि एक नारळ. समारंभ संपला की निवृत्त होणाऱ्या गुरुजींनी तो नारळ फोडायचा, असं ठरलेलं. पाहुण्यांना तांबूल द्यायचं काम अक्काचं. ही शाळेची जुनी रीत होती. शिक्षकांमध्ये जो सगळ्यांत जुना, त्याने सगळ्यांच्या वतीने विड्याची पानं, सुपारी आणि नारळ पाहुण्याच्या हातात द्यायचा. आमच्या घरांतून तर कुणीही रिकाम्या हाताने जात नाही. भांडायला आलेला माणूससुद्धा जाताना तांबूल घेऊन जातो. मी तबक धरून तिच्या मागे उभी होते. तबकात तीन नारळ होते. एक गुरुजींचा, एक प्रमुख पाहुण्यांचा, एक अध्यक्षांचा.

गुरुजींचं भाषण झालं. मग समितीचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आता आपल्या नव्या मुख्याध्यापकांची ओळख करून देतो." पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. बेळगावकडचे, बी. ए. झालेले, अध्यक्षांच्या ओळखीतले. नोकरीसाठी नुकतेच इकडे आले होते आणि के. आर. पुरमला बिऱ्हाड केलं होतं. त्यांना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. अक्कानेही नाही. शिक्षकांच्या रांगेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अक्काने मात्र माझ्या तबकाकडे पाहिलं.

तिघांना देऊन झालं होतं. तबकात पानं उरली होती, नारळ नव्हता. नवे गृहस्थ मंचावर हात जोडून उभे होते. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "देवीपुढचा आण."

मी आणला. तो लहान होता. अक्काने त्याखाली पानं अशी पसरली की तो मोठा दिसावा, आणि हसून त्यांच्या हातात दिला. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. शेवटी गुरुजी सरस्वतीपुढे गेले आणि नारळ शोधू लागले. अक्का म्हणाली, "राहू दे, गुरुजी. आज नमस्कार पुरे." त्यांनी नमस्कार केला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर अक्काने पातळ बदललं, कॉफी घेतली आणि अण्णांना म्हणाली, "कोर्टात जायचं म्हणजे पहिल्यांदा कुठे जातात?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "अक्का, जागा गेली तर गेली. पगार आहे. आपल्याच लोकांवर दावा करायचा? उद्या लग्नाकार्यात तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड त्यांनी लपवावं. मला अर्ज करू द्यायचा होता. अर्ज करून नाही निवडलं असतं तर मी त्या माणसाच्या हाताखाली मुकाट काम केलं असतं."

"स्वल्प थांबून बघ तरी."

"आजवर थांबलेच होते की."

इतकंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतले वकील ओसरीवर बसले होते. ते कन्नड बोलायचे आणि अक्काचं मराठी त्यांना पूर्ण कळायचं. पुढचे काही महिने आमच्या ओसरीवर त्या दोन भाषांत दावा तयार झाला. नेमणूक नियमाविरुद्ध आहे, ती रद्द करावी, एवढंच मागणं. पैसे मागितले नव्हते.

समितीचं उत्तर आलं ते वकिलांनी वाचून दाखवलं. नियमांबद्दल त्यात फारसं काही नव्हतं. मुख्य मुद्दा वेगळाच होता. वादी बाईंनी स्वतःच्या हाताने, सर्वांसमक्ष, हसतमुखाने नव्या मुख्याध्यापकांना तांबूल दिलं. म्हणजे त्यांनी नेमणूक मान्य केली. आता त्यांना तक्रार करता येणार नाही. सोबत तो फोटो जोडला होता.

अक्का फोटो बघत राहिली. त्यात ती, ते गृहस्थ आणि माझं कोपर होतं. "हे समितीतले लोक," ती शेवटी म्हणाली, "यांच्या घरी तांबूल देत नाहीत का?"

"देतात," वकील म्हणाले. "म्हणूनच हे त्यांना सुचलं. कायद्यात याला मूकसंमती म्हणतात. न्यायाधीशांना फोटो दिसतो, अक्का, तुमच्या मनातलं दिसत नाही. तुम्हाला आधी काही माहीत नव्हतं, हे कशावरून दाखवायचं?"

मी दारातून म्हणाले, "नारळ कमी पडला होता."

वकील वळले. अक्काही वळली, पण वेगळ्या चेहऱ्याने. मी सगळं सांगितलं. त्यांना देण्याचं आधी ठरलं असतं तर चौथा नारळ तबकात असता, देवीपुढचा उचलावा लागला नसता. वकिलांनी मांडीवर थाप मारली. अक्का म्हणाली, "हे कोर्टात बोलायचं नाही."

"का, अक्का?" वकिलांनी विचारलं.

"माझ्या हातून तांबूल कमी पडलं, हे मी चारचौघांत सांगू? आणि देवीपुढचं, न फोडलेलं उचलून माणसाला दिलं, हेही? शिवाय त्या माणसाला काय वाटेल? त्याला कळलं नाही ते बरंच आहे. त्याने नारळ घरी नेऊन चटणी केली असेल, त्याला खाऊ दे."

"मग खटला हरू," वकील म्हणाले.

"दुसरं काहीतरी शोधा. तुम्ही वकील आहात."

वकिलांनी माझं नाव साक्षीदारांत घातलं आणि समारंभ कसा झाला एवढंच मी सांगावं असं ठरवलं. अक्का तेवढ्याला सरी, म्हणजे ठीक, म्हणाली. तारखेच्या आदल्या मंगळवारी शेजारच्या बाई तिला अडलेल्या कामासाठी बनशंकरी देवीला लिंबाचा दिवा लावायला चल म्हणून बोलवायला आल्या, तर ती गेली नाही. "देवीला कोर्टात ओढू नये," म्हणाली. ते बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं.

कोर्टाची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. पंखा फिरत होता आणि एक कारकून झोपेशी झगडत होता. समितीचे अध्यक्ष एका बाकावर, अक्का दुसऱ्या. नवे मुख्याध्यापक मागे, एकटे. मी कठड्यात उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला लाज वाटत नाही. साक्ष इंग्रजीत होती. मराठीत मी कुणाची तरी मुलगी असते, कुणाची तरी भाची, आणि माझं प्रत्येक वाक्य कुणीतरी माझ्या घराला जोडून ऐकतं. इंग्रजीत मला आजवर फक्त प्रश्न विचारले गेले होते. उभं राहायचं, प्रश्न पूर्ण ऐकायचा, विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. कॉन्व्हेंटमध्ये मी हे अकरा वर्षं केलं होतं.

आमच्या वकिलांचे प्रश्न लवकर संपले. समितीचे वकील उठले. जाड, आनंदी गृहस्थ.

"तुम्ही वादींच्या घरात राहता?"

"हो."

"त्यांच्या हातचं जेवता?"

"रविवारी. इतर दिवशी आई करते."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. वकिलांनी फोटो पुढे केला. "या फोटोत तुमची आत्या हसते आहे?"

"हो."

"आनंदाने?"

"देताना ती नेहमी हसते. दूधवाल्याला पैसे देतानाही हसते."

"आणि नव्या मुख्याध्यापकांसाठी तयार ठेवलेलं तांबूल तिने त्यांना दिलं."

"नाही, सर. त्यांच्यासाठी तयार ठेवलेलं नव्हतं."

इथे ते थांबले असते तर मीही थांबले असते. पण ते हसले, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग हा त्यांच्या हातातला नारळ काय आकाशातून पडला? कुठून आला?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने मान अगदी थोडी हलवली. नको. तिला ती जागा किती हवी होती ते मला माहीत होतं. कितीतरी वर्षं ती सुट्टीतही शाळेत जाऊन वर्गांच्या खिडक्या उघडून येत होती. आणि तरी ती नको म्हणत होती. पण प्रश्न मला विचारला होता, आणि त्याला खरं उत्तर एकच होतं.

"सरस्वतीच्या तसबिरीपुढून," मी म्हणाले. "तबकात तीनच होते, कारण तिघंच येणार हे आम्हाला माहीत होतं. चौथ्यासाठी मी देवीपुढचा उचलला. तो लहान होता. आत्याने तो मोठा दिसावा म्हणून खाली पानं पसरली."

न्यायाधीश इथलेच होते. त्यांनी पहिल्यांदाच मला काही विचारलं. "मग शेवटी देवीपुढे काय फोडलं?"

"काही नाही, सर. नुसता नमस्कार केला."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग समितीच्या वकिलांना विचारलं, "तुमच्या घरी न सांगता कुणी आलं तर तांबूल देता?"

"देतो, सर. द्यावंच लागतं."

"मग तो घराचा मालक होतो?"

झोपेशी झगडणारा कारकूनही हसला. अध्यक्ष हसले नाहीत. मागच्या बाकावर नवे मुख्याध्यापक स्वतःच्या हातांकडे बघत होते, जणू नारळ अजून तिथेच होता.

परतताना जटक्यात अक्का माझ्या समोर बसली, पण तोंड घोड्याच्या पाठीकडे. मग म्हणाली, "लहान होता हे कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं."

"कुठून आला एवढंच विचारलं. लहान होता हे तू आपलं घातलंस."

ते खरंच मी घातलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. घर जवळ आलं तेव्हा ती उतरता उतरता म्हणाली, "बाकी सरी बोललीस."

निकाल अक्काच्या बाजूने लागला. पाहुण्याला दिलेलं तांबूल म्हणजे संमती नव्हे, नियम डावलून केलेली नेमणूक रद्द, समितीने अर्ज मागवून नव्याने निवड करावी. अध्यक्ष अपील करू म्हणाले, मग समितीतल्याच काहींनी त्यांना गप्प केलं. अर्ज मागवले. बेळगावच्या गृहस्थांनीही केला. मुलाखतीला शिक्षण खात्याचे अधिकारी बसले होते.

आत काय झालं ते अक्काने घरी सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं होतं, "बाई, पुरुष मास्तर तुमचं ऐकतील का?" ती म्हणाली होती, "तिसरीची मुलं ऐकतात. मास्तर त्यांच्यापेक्षा अवघड असतील असं वाटत नाही." अधिकारी हसले होते. निवड तिची झाली.

ते गृहस्थ निघून जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले नाहीत. गणित शिकवायला राहिले. अक्काने त्यांना वरचे वर्ग दिले, आणि ते चांगलं शिकवतात हे सगळ्यांना सांगितलं.

अक्का खुर्चीवर बसली त्या दिवशी अंगणात तोच मंच, तीच तसबीर. शिक्षकांच्या वतीने तिला तांबूल कुणी द्यायचं यावर आधी थोडी कुजबुज झाली. रीतीप्रमाणे तो मान दुसऱ्या एका गुरुजींचा होता, पण गणिताच्या मास्तरांनी तो त्यांच्याकडून मागून घेतला होता. ते तबक घेऊन आले. नारळ मोठा होता, पानं नीट मांडलेली. देताना ते तिला पहिल्यांदाच बाई म्हणाले नाहीत.

"घ्या, अक्का," ते म्हणाले. "आणि काळजी करू नका. देवीपुढचा जागेवर आहे. मी एक जादाच आणलाय."

अक्का तसबिरीकडे न बघता हसली आणि नारळ घेतला. मग मात्र तिने बघितलं. मीही. तो तिथे होता, समईच्या उजेडात, शेंडी वर करून. समारंभ संपल्यावर तिने तो स्वतः फोडला, आणि पहिला तुकडा गणिताच्या मास्तरांच्या हातावर ठेवला.