जैनबचा मेहेर

राजिवड्यात नवरी बोलत नसे. निकाहाच्या वेळी तिच्या वतीने वकील झालेले मामा दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत यायचे, "कबूल हाय?" विचारायचे, आणि ओढणीखालची मान हलली की काम फत्ते. १९३१ साली जैनबची मान काही हलेना.

"मेहेर काय ठरलाय?" तिने विचारलं.

मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचा तिचा हक्क. वडीलधाऱ्यांनी सोन्याच्या दोन बांगड्या परस्पर ठरवूनही टाकल्या होत्या.

"बांगड्या नको. त्यान मना लिवाय-वाचाय शिकवला पायजे."

मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. पण तिच्या आईला, हलिमाबीला, खरं कारण ठाऊक होतं. जैनबचा बाप बोटीवर खलाशी. घरात कुणालाच अक्षरओळख नाही, म्हणून त्याचं पत्र पोस्टमन गंगाराम ओट्यावर बसून खणखणीत वाचायचा. एकदा बापाने लिहिलं, 'तुझ्याशिवाय करमत नाही.' अख्खी गल्ली फिदीफिदी हसली. ते त्याच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून दहा वर्षं तो एकच ओळ लिहीत होता: 'मी खुशाल आहे.' आणि जैनबचा होणारा नवरा उस्मान, तोही खलाशीच!

काजीसाहेब दाढीत हसले. "शिकवणं हा पन मेहेर होतो. मुलगी शहाणी हाय," म्हणाले.

घाम फुटला तो उस्मानला. स्वारी मराठी तिसरी, तीही ढकलून पास. पण रजेचे दोन महिने बिचाऱ्याने पाटी सोडली नाही. जोडाक्षरं त्यालाच येत नसत; तो ती फोडून लिही, मग जैनबही फोडूनच शिकली. नवराबायको दार लावून 'क कमळाचा' घोकतात म्हणून बायकांना हसायला नवा विषय मिळाला. हसेनात का!

उस्मान बोटीवर गेला, जैनब माहेरी आली, आणि महिन्याभरात पत्र आलं. गंगाराम सवयीने ओट्यावर बसला, खाकरला. जैनबने पाकीट हातातून अलगद काढून घेतलं.

"गंगारामदादा, तुमी पानी प्या."

बऱ्याच वेळाने ती आतून आली, कानापर्यंत लाल होऊन.

"काय लिवलाय?" हलिमाबीने विचारलं.

"खुशाल हाय."

"दोन पानां भरून?"

जैनब खुदकन हसली. हलिमाबीला मात्र हसू आलं नाही. तिने जैनबने सासरहून आणलेली पाटी कोनाड्यातून काढली, पदराने पुसली.

"तुज्या बापाला लिव," ती म्हणाली. "दोन म्हयने थांब म्हनावा. मंग काय लिवायचा ता लिव. मी वाचीन."