एक्केचाळीस सेकंदांची फुली

आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. पोरं त्यांना फुलीमामा म्हणत. या नावामागे एक प्रयोग आहे. कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, तिच्यावर शंकुपात्र ठेवायचं, त्यात सोडियम थायोसल्फेटचं द्रावण घ्यायचं आणि वरून पातळ अ‍ॅसिड ओतायचं. गंधक सुटून द्रावण दुधाळ होत जातं आणि वरून वाकून बघणाऱ्याला खालची फुली दिसेनाशी होते. किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं. द्रावण गरम केलं तर फुली लवकर जाते, पाणी घालून पातळ केलं तर रेंगाळते. अभिक्रियेचा वेग कशाने बदलतो हे पोरांच्या डोक्यात शिरवायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

मी तिथे सतरा वर्षं शिकवलं. म्हणजे फळ्यावर मी लिहायची आणि पोरांना समजायचं ते मामांकडून. सुरुवातीला याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? चुनखडीचा खडा अ‍ॅसिडमध्ये निवांत फसफसतो आणि तिची पूड एकदम उसळते, हे मी पृष्ठफळाच्या भाषेत सांगायची. मामा मागून म्हणायचे, "एकटा माणूस भांडायला आला तर तोंड एकच. तोच दहा जणांना घेऊन आला तर? तसं आहे हे." उत्प्रेरकाची त्यांची व्याख्या तर शाळाभर झाली होती. "लग्न जुळवणारा मामा. दोघांची गाठ घालून देतो, पुढचं पटापट उरकतं, आणि हा जेवून घरी जातो, आला होता तसाच." हे परीक्षेत लिहू नका, असं मी दरवर्षी बजावायची. दरवर्षी चार-पाच जण लिहायचेच.

फुल्या मात्र मामाच काढायचे. आदल्या दिवशी तीस कागद, तीस फुल्या, सगळ्या एकाच मापाच्या. द्रावणंही तेच करायचे. त्यांच्या द्रावणात फुली एक्केचाळीस सेकंदांत जायची. हवा गरम असली की दोन-तीन कमी, गार असली की तेवढेच जास्त. घड्याळाकडे न बघता ते मनात मोजायचे आणि "गेली" म्हणायचे. स्टॉपवॉच नंतर त्यांना दुजोरा द्यायचं.

त्या वर्षी नववीच्या आकड्यांनी घोळ घातला. त्रेपन्न, छप्पन्न, एका टेबलावर तर साठ. मी थायोसल्फेट बदललं, अ‍ॅसिड नवं मागवलं, थर्मामीटर तपासला. शेवटी एका मुलीने शंकुपात्र उचलून कागद वर धरला.

"मामा, ही फुली आहे का चौक?"

फुली बोटाएवढी जाड होती. एवढी जाड रेघ बारीक रेघेपेक्षा उशिराच झाकली जाणार. सगळे हसले. मामाही हसले आणि म्हणाले, "पेन्सिल बोथट झाली गं." मीही हसले. पण नंतर मी त्यांच्याकडे बघू लागले. बाटली उचलण्याआधी ते मान जराशी वाकडी करत. लेबल वाचण्याऐवजी फळीवर बोटांनी मोजत, डावीकडून तिसरी, चौथी. चालताना मात्र कुठे अडखळत नसत, म्हणून मी विषय सोडून दिला. सोडून देणं सोयीचं होतं. दुसरा माणूस आला असता तर मला सगळं नव्याने शिकवावं लागलं असतं.

मग वरून एक पत्रक आलं. अ‍ॅसिड हाताळणाऱ्या प्रत्येकाबद्दल विषयशिक्षकाने लिहून द्यायचं होतं. खाली दोन चौकोन होते. वरचा 'कामास योग्य', खालचा 'कामास अयोग्य'. लागू असेल तिथे फुली करा. मामांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. अयोग्य ठरलेल्या माणसाला फाटकाशी स्टुलावर बसायला लागणार होतं.

सकाळी मामा तो कागद घेऊन आले. "बाई, तेवढी एक फुली आणि सही."

"करते," मी म्हणाले. "आधी एक प्रयोग करू. गेली की सांगा."

मी स्वतः बारीक फुली काढली, शंकुपात्र ठेवलं, थायोसल्फेट घेतलं. मामांनीच सकाळी भरून ठेवलेली अ‍ॅसिडची बाटली उचलली, मापून ओतलं आणि स्टॉपवॉच दाबलं. मामा वाकले. मीही वाकले.

दहा सेकंद झाले, वीस झाले. द्रावण नितळच होतं. फुली काचेखाली स्पष्ट दिसत होती. मामांचे ओठ हलत होते.

"गेली," ते म्हणाले.

स्टॉपवॉचवर एक्केचाळीस होते.

मामांनी थोडं थांबून नाक पात्राजवळ नेलं. एव्हाना गंधकाचा तो उग्र वास खोलीभर व्हायला हवा होता.

"बाई, वास का येत नाही?"

"यात पाणी आहे, मामा."

बाटल्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे शेजारच्या 'पाणी' लिहिलेल्या बाटलीत काय होतं, हे वेगळं सांगायला नको. दुपारी चाळीस पोरं त्याच बाटल्या हाताळणार होती.

मामा स्टुलावर बसले. "डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा मागचा पडदा झिजलाय. ऑपरेशन नाही, चष्मा नाही. कडेचं सगळं दिसतं हो. तुमची खुर्ची दिसते, दार दिसतं. जिथे बघावं, नेमकं तेवढंच जातं."

"कधीपासून?"

"कळलंच नाही. इतकं सावकाश झालं."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. पेन माझ्या हातात होतं, पण ते कागदाकडे वळेना. मामांनीच हात पुढे केला.

"आणा इकडे. तुमच्या हातून नको. आयुष्यभर फुल्या मीच काढल्यात."

त्यांनी कागद बोटांनी चाचपला, मान वाकडी केली आणि जपून, दोन रेघांत फुली काढली.

"अयोग्यवर बरोबर पडली ना?"

फुली वरच्या चौकोनात होती. 'योग्य'च्या बरोबर मध्ये.

"हो," मी म्हणाले. "बरोबर पडली."

ते उठले, दोन्ही बाटल्या माझ्यासमोर आणून ठेवल्या आणि दाराला कुठेही न धडकता बाहेर गेले. त्यांची पावलं जिन्यावर उतरेपर्यंत मी थांबले. मग ती फुली खोडली आणि खालच्या चौकोनात माझ्या हाताने दुसरी काढली.